टपालाने गाणं: ‘गिव्ह अप’च्या पद्धतीने एक मराठी सिंथपॉप ट्रॅक, प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४ : नियम

‘द पोस्टल सर्व्हिस’ या बँडचा ‘गिव्ह अप’ हा सिंथपॉप (सिंथेसायझरवर बांधलेलं पॉप) अल्बम सिएटलच्या ‘सब पॉप’ या रेकॉर्ड कंपनीने फेब्रुवारी २००३ मध्ये काढला. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसमध्ये यंत्रांवर गाण्याचा सांगाडा उभा करायचा आणि तो टपालाने सिएटलला जायचा. तिथे बेन गिबर्ड त्यात कापाकापी करायचा, चाल, शब्द आणि आवाज घालायचा आणि सगळं परत पाठवायचा. बँडचं नाव या पद्धतीवरूनच पडलं. त्याआधी टॅम्बोरेलोच्या ‘डिन्टेल’ या नावाने २००१ मध्ये आलेल्या अल्बममधल्या एका गाण्यात दोघं एकत्र आले होते.

या प्रकल्पात त्याच दोन शहरांमधून, त्याच पद्धतीने एक मराठी गाणं करायचं आहे. तपासायचं ते एवढंच: गोठवलेला, म्हणजे एकाच फाइलीत पक्का केलेला, सांगाडा हातात आला आणि तो बदलून मागायची सोय नसली, तर गाणं कुठल्या दिशेला जातं?

नियम चार. लॉस एंजेलिसहून फक्त स्टिरिओ मिश्रण जाईल, एकेका वाद्याचे सुटे ट्रॅक जाणार नाहीत. वाहतूक टपालानेच, डिस्कवर. सोबत एक कागद, त्यावर वेग, पट्टी आणि बारची (चार-चार बीटच्या खंडांची) यादी. सूचना लिहायच्या नाहीत. डिस्क पोचेपर्यंत गाण्याबद्दल फोन नाही, मेसेज नाही.

४ फेब्रुवारी : ऐकण्याचा नकाशा

अल्बममध्ये १० गाणी, लांबी सुमारे ४५ मिनिटं. आज फक्त दोन गोष्टी टिपल्या: आवाज कुठे येतो आणि आला की यंत्रं काय करतात.

पहिल्या गाण्यात लांब धरलेले सूर आणि बारीक ठेका यांवर आवाज बसतो. ठेका हळूहळू दाट होत जातो आणि गाणं सुरू झालं त्यापेक्षा कितीतरी भरून संपतं. ‘सच ग्रेट हाइट्स’ची सुरुवात डाव्या-उजव्या कानांत उड्या मारणाऱ्या टिपक्यांनी होते. तेच टिपके पुढे गाण्याचा कणा होतात. ‘नथिंग बेटर’मध्ये जेन वूडचा आवाज पुरुषाच्या म्हणण्याला कडव्या-कडव्याने उत्तर देतो. सवाल-जवाब ऐकून वाढलेल्या कानाला ही रचना लगेच ओळखीची वाटते. फरक एवढा की इथे दोघंही आवाज चढवत नाहीत. शेवटच्या ‘नॅचरल अँथम’मध्ये बराच वेळ यंत्रंच धावतात, गळा फार उशिरा येतो.

सगळीकडे एक गोष्ट समान: गाणारा शांत आहे, ठेका अस्वस्थ आहे. ठेका जोरात म्हणून आवाजही जोरात, असं कुठेच होत नाही. आपल्या ट्रॅकला हीच कसोटी लावायची.

६ फेब्रुवारी : वेग ठरवणं

‘सच ग्रेट हाइट्स’चा वेग मिनिटाला १७५ बीट. ४४,१०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापं (सॅम्पल) घेतली तर, त्या वेगाची एक बीट नेमकी १५,१२० सॅम्पलची होते, अपूर्णांक उरत नाही. हे मूळ कामात मुद्दाम केलं होतं असा दावा नाही. पण कापाकापीने गाणं बांधायचं असेल तर असा वेग निवडणं फायद्याचं, कारण प्रत्येक कापाची जागा पूर्णांकात सांगता येते.

आपल्यासाठी १४० निवडला. हिशेब कागदावर लिहून दोन्ही टोकांना चिकटवला:

बीट = १८,९०० सॅम्पल = ४२८.५७ मिलिसेकंद.
बारचा सोळावा भाग = ४,७२५ सॅम्पल = १०७.१४ मिलिसेकंद.
४ बीटचा बार = ७५,६०० सॅम्पल.
१२८ बार = ३ मिनिटं ३९.४ सेकंद.

४८,००० हर्ट्झला याच वेगाची बीट २०,५७१.४३ सॅम्पल पडते. म्हणून दोन्ही टोकांना ४४,१०० पक्कं. या बाबतीत चूक झाली तर ती कशी ओळखायची तेही लिहून ठेवलं: ४४,१०० ची फाइल न बदलता ४८,००० च्या सत्रात (सॉफ्टवेअरमध्ये उघडलेल्या कामात) पडली, तर १४० चा वेग १५२.४ होतो आणि पट्टी जवळजवळ दीड अर्धस्वर, म्हणजे हार्मोनियमच्या दीड पट्टीने, वर चढते. काही सॉफ्टवेअर फाइल आत घेताना आपोआप रूपांतर करतात, काही जशीच्या तशी टाकतात. नुसता वेग ऐकून शंका येत नाही, ताजंतवानं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. तंबोरा ॲप लावून पट्टी तपासायची.

पट्टी: डी, म्हणजे पांढरी दोन.

८ फेब्रुवारी : लॉस एंजेलिस, सिंथ तपासणी

मुख्य सिंथ रोलँड जुनो-१०६, १९८४ चं मॉडेल. सहा आवाज, म्हणजे एका वेळी सहा सूर; डिजिटल नियंत्रणाचे ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग), त्यामुळे सूर ढळत नाही. की जोरात दाबली काय, हळू दाबली काय, आवाज सारखाच. धरलेले सूर एकामागून एक आपोआप वाजवणारा अर्पेजिएटर नाही (तो जुनो-६० मध्ये होता), म्हणून टिपके मिडीवरून (वाद्याला सुरांचे संदेश पाठवायची जोडणी) वाजवावे लागतील.

एकच सूर ठोकत राहिलं तर दर सहाव्या ठोक्याला चरचर. या सिंथचा हा ओळखीचा आजार. प्रत्येक आवाजामागे ८००१७ए नावाचा एक भाग असतो, त्यात फिल्टर आणि व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) दोन्ही. त्यावर काळ्या इपॉक्सीचा थर दिलेला असतो आणि वर्षं गेली की तो थर वीज झिरपू देऊ लागतो. मग चरचर, अडकलेला सूर किंवा अर्धवट उघडणारा फिल्टर.

कुठला आवाज ते शोधायला: ‘की ट्रान्सपोज’ दाबून धरायचं आणि सिंथ चालू करायचा. तपासणी अवस्था सुरू होते आणि पॉली-१ मध्ये (सहा आवाज आळीपाळीने वापरणारी पद्धत) वाजणाऱ्या आवाजाचा क्रमांक पडद्यावर दिसतो. इथे दोष ४ क्रमांकाचा निघाला.

९ ते १२ फेब्रुवारी : ८००१७ए

भाग बोर्डावरून काढताना घाई केली तर तांब्याची पट्टी उखडते. आधी प्रत्येक पायाला थोडं ताजं कथील द्यायचं, मग शोषून घ्यायचं. जुनं कथील एकटं नीट वितळत नाही. पाय मोकळा हलतो का ते चिमट्याने बघायचं, तोवर ओढायचं नाही.

भाग काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवला. बरणी झाकलेली, खिडकी उघडी, जवळपास शेगडी नाही. पहिल्या दिवशी थर नुसता मऊ झाला. दुसऱ्या दिवशी कडेने सुटला, पण मधला चिकटून होता. तो खरवडला तर खालचे बारीक भाग तुटतात, म्हणून आणखी एक रात्र ठेवला. तिसऱ्या दिवशी लाकडी काडीने सालासारखा निघाला. वाळवून, बोर्डावर आधी सॉकेट पट्टी लावून मग बसवला, म्हणजे पुढच्या वेळी तापवावं लागणार नाही.

चरचर गेली. मात्र ४ क्रमांकाचा आवाज इतरांपेक्षा अंधुक येत होता, कारण फिल्टरचं मोजमाप बदललं होतं. बोर्डावर प्रत्येक आवाजाचा वेगळा ट्रिमर (बारीक जुळवणीचा स्क्रू) असतो; तो फिरवून सहाही आवाज एकसारखे केले. ही पायरी गाळली तर टिपक्यांच्या ओळीत दर सहावा टिपका वेगळ्या रंगाचा ऐकू येतो.

१३ फेब्रुवारी : टिपके आणि पॅड

टिपक्यांचा आवाज, सिंथवरच्या जुळवण्या: पल्स, सब बंद, फिल्टर १० पैकी ४, रेझोनन्स ३, एन्व्हलप फिल्टरवर ५. अटॅक ०, डिके ३, सस्टेन ०, रिलीज २. कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट) बंद. कोरस लावला की प्रत्येक टिपका आपणहून दोन्ही कानांत पसरतो आणि डावी-उजवी उडीच हरवते.

ओळ चार सुरांची. डी हा सा धरला तर सा, प, ग, रे, प्रत्येक सोळाव्या भागावर एक. सा आणि ग डावीकडे, प आणि रे उजवीकडे. दोन टिपक्यांमधलं अंतर १०७ मिलिसेकंद. अंतर ३०-४० मिलिसेकंदांच्या आत आलं तर कान दोन आवाजांना एकच समजू लागतो. इथे ते दोन जागांवरचे दोन आवाजच राहतात, म्हणून उडी स्पष्ट.

टिपके गाणंभर बदलत नाहीत. खाली बास सा, ध, म, प असा फिरतो. बास म वर गेला की वरचा ग त्याचा सातवा सूर होतो. त्याच टिपक्यांचा अर्थ बदलतो. हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त देणारा भाग. जोवर बास हलतो आहे तोवर वरच्या ओळीत काही घालायची गरज पडत नाही. दोन तास नवीन ओळी घालून पाहिल्या, सगळ्या काढून टाकल्या.

पॅड (मागे लांब धरलेले कॉर्ड): सॉ आणि सब, अटॅक ४, रिलीज ५, कोरस १. या कोरसला स्वतःची सळसळ असते. पॅड थांबल्यावर ती उघडी पडते, तेव्हा ट्रॅक तिथे कापायचा किंवा सळसळ गाण्याचा भाग मानायची. इथे ठेवली.

मिडीची अडचण: पाच पिनांच्या मिडीवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका सुराला तीन बाइट, म्हणजे सुमारे ०.९६ मिलिसेकंद. सहा सुरांचा कॉर्ड एकदम पाठवला तर शेवटचा सूर पावणेसहा मिलिसेकंदांनी निघतो. पॅडला फरक पडत नाही. टिपक्यांना पडतो, कारण पॅडचे संदेश पुढे असले तर टिपका रांगेत मागे राहतो. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या फेऱ्यांत ध्वनिमुद्रित केले, मग प्रत्येक टिपका कापून ४,७२५ च्या रेघेवर बसवला.

१५ फेब्रुवारी : ठेका

ढोलाचा कुठलाही तयार नमुना वापरलेला नाही. किक (खालचा जाड ठोका) म्हणजे १८० हर्ट्झपासून ५० हर्ट्झपर्यंत ४० मिलिसेकंदांत घसरणारी साइन लहर, शेपूट १६० मिलिसेकंद. स्नेअर म्हणजे ९० मिलिसेकंदांचा गोंगाट, १.८ किलोहर्ट्झच्या आसपास गाळलेला. हॅटच्या (झांजेच्या) जागी ८ मिलिसेकंदांचा गोंगाट, ४ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं काढलेलं. तो टिचकीसारखा वाजतो. अशा संगीताचा पोत या टिचक्यांतच असतो. खऱ्या झांजेची लांब शेपूट आली की गायकाच्या श्वासाला जागा उरत नाही.

तोतरेपणा (एकच तुकडा पटापट परत वाजवणं) तीन जागी. सोळाव्या भागाचे तीन समान तुकडे केले, प्रत्येकी १,५७५ सॅम्पल. कापल्या जागी टक्क असा आवाज येतो, कारण लहर शून्यावर नसताना तुटते. प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी ६४ सॅम्पलचा उतार दिला. २५६ दिला तेव्हा टिचकीची धारच गेली. ३२ ला टक्क परत आला.

तोतरेपणा बाराव्या, अठ्ठावीसाव्या आणि साठाव्या बारला. आणखी घातला की ठेका स्वतःकडे लक्ष मागायला लागतो.

१७ फेब्रुवारी : गोठवणं आणि डिस्क

सर्वांत उंच शिखर −६ डीबीवर. लिमिटर नाही, एकूण मिश्रणावर कॉम्प्रेसर नाही (दोन्ही मोठा आवाज दाबणारी साधनं). पुढे आवाज बसायचा आहे, त्याची जागा आत्ताच दाबून टाकायची नाही.

सुरुवातीला दोन बार मोकळे, त्यांत मोजणीच्या आठ टिचक्या. एकूण १३० बार. २४ बिटची स्टिरिओ वेव्ह फाइल सुमारे ५९ एमबी झाली.

डिस्क डेटा म्हणून लिहिली, ऑडिओ सीडी म्हणून नाही. ऑडिओ सीडीवर ध्वनी ५८८ सॅम्पलच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागांत बसतो. आपला बार त्यात पुरा बसत नाही, शेवट रिकाम्या जागेने भरला जातो. शिवाय प्रत्येक ड्राइव्ह वाचताना काही सॅम्पल मागेपुढे सरकते, कधी पाच-सहा, कधी शेकडो. आणि २४ चे १६ बिट होतात ते वेगळंच. डेटा डिस्कवर यातलं काहीच होत नाही.

डिस्कच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा, मग गादीचं पाकीट. नुसत्या पाकिटात पाठवलेली डिस्क टपालाची वर्गवारी करणाऱ्या यंत्रात वाकते. गाडीत ऐकायला म्हणून त्याच डिस्कवर एक एमपी३ ही टाकला. हा टाकायला नको होता.

२२ फेब्रुवारी : सिएटल, डिस्क पोचली

पाकीट शाबूत. पहिल्या प्रयोगात गळा ठेक्यापासून सुटा, थोडा घाईत वाटत होता. अर्धा दिवस मायक्रोफोन आणि गायकी यांवर संशय. दोष निघाला तो असा: सत्रात वेव्ह ऐवजी एमपी३ ओढली गेली होती. एमपी३ करताना एन्कोडर सुरुवातीला ५७६ सॅम्पल रिकामे घालतो, डीकोडर आणखी ५२९. मिळून १,१०५ सॅम्पल, म्हणजे २५ मिलिसेकंद. सॉफ्टवेअरने ही भर ओळखून काढली नाही, तर सगळा ठेका रेघेच्या २५ मिलिसेकंद मागे पडतो. रेघ बघून कापलेला आवाज मग पुढे धावतो. दोन्ही फाइलींना एकच नाव होतं. एका मिश्रणाची डिस्कवर एकच फाइल, हा पाचवा नियम.

२४ फेब्रुवारी : नुसतं ऐकणं

पाच वेळा सलग, काही न गाता. १२८ बार जास्त आहेत. दुसऱ्या कडव्याची जागा वाटते तिथे ठेका आधीच दाट झालेला. किक मोठा आहे, पण तो लहान करायची सोय नाही. स्टिरिओत सगळं एकत्र मुरलेलं.

दोन मार्ग करून पाहिले. एक, गळा असेल तेव्हाच मध्यातला २.२ किलोहर्ट्झचा भाग अडीच डीबीने दाबणारा डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरता पट्टा कमी करणारं साधन). शब्द स्पष्ट झाले, पण टिपके श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर व्हायला लागले. दोन, जिथे आवाज अडतो तिथला सांगाडाच कापून टाकणं. दुसरा घेतला.

कापाची यादी:
बार ३३ ते ४० काढले.
बार ५७ च्या तिसऱ्या बीटपासून ५८ च्या शेवटापर्यंत शांतता.
बार ९७ ते १०४ काढले.
बार १२१ ते १२४ यांची जागा ६१ ते ६४ ने घेतली.

उरले ११२ बार, म्हणजे नेमके ३ मिनिटं १२ सेकंद. प्रत्येक कापाची जागा ७५,६०० च्या पाढ्यात लिहिली (५७ वाला काप फक्त दोन बीट पुढे, ३७,८०० मिळवून).

५७ व्या बारला अनपेक्षित गोष्ट घडली. पॅडची शेपूट चालू असताना कात्री लागली, त्यामुळे आवाज बंद होत नाही, दार लागल्यासारखा तुटतो. त्या सहा बीटांच्या पोकळीत एकटा गळा. गाण्याचा सगळ्यात चांगला क्षण हा आहे आणि यंत्रांच्या टोकाला बसून तो कोणी योजलेला नाही.

२८ फेब्रुवारी : शब्द

१४० च्या वेगात सोळाव्या भागावर अक्षर बसवलं तर एका अक्षराला १०७ मिलिसेकंद. मराठी जोडाक्षर त्यात मावत नाही. ‘स्वप्नात’ गायलं की ‘सपनात’ ऐकू येतं. म्हणून शब्द आठव्या भागावर, २१४ मिलिसेकंदांना एक अक्षर, आणि जोडाक्षर आलंच तर पुढचं अक्षर लांब.

बोली रूप की लेखी रूप, हा प्रश्न सुरांच्या अंगाने सुटला. ‘गेले’वर सूर धरला तर तोंड ‘ए’कडे आवळतं आणि आवाज पातळ होतो. ‘गेलं’वर धरला तर शेवटचा अकार लांबतो, तोंड सैल राहतं, सूर खोल वाजतो. ओळीच्या शेवटी सगळीकडे बोली रूप. या संगीतात गायक कानाशी बोलतो. लेखी रूप तिथे जाहीर वाचनासारखं वाटतं.

‘च’, ‘ज’, ‘झ’ यांच्याकडे वेगळं लक्ष. ‘माझं’मधला झ दंत्य आहे, दातांतून हवा फेकतो. ‘माझी’मधला तालव्य आहे, मऊ. दंत्य उच्चाराची सळसळ वरच्या पट्ट्यात, नेमकी हॅटच्या टिचक्यांच्या जागी पडते. टिचकीवर ‘माझं’ आलं तर शब्द आणि हॅट दोन्ही फाटतात. उपाय तांत्रिक नाही, शब्दांचा आहे: दंत्य अक्षर दोन टिचक्यांच्या मध्ये आणायचं किंवा शब्द फिरवायचा. ‘चांदणं माझं’ टाकलं. ‘खिडकीत तुझं गाव’ ठेवलं, कारण तिथे झ उलट्या मात्रेवर पडतो.

‘ळ’ मात्र इथे सोनं आहे. ‘जवळ’, ‘सकाळ’, ‘ओळ’: जीभ मागे वळते, वरची तकाकी क्षणभर मावळते आणि टिपके त्या फटीतून वर येतात. मुखड्याच्या चारही ओळी ळ वर संपवल्या.

२ मार्च : गळा

मोठ्या पडद्याचा कंडेन्सर मायक्रोफोन, तोंडापासून १२ सेंटिमीटर, मध्ये जाळी. गाणं बोलण्याच्या जोरात, त्याहून मोठं नाही. हळू गायल्यामुळे गेन वाढवावा लागतो आणि खोलीही मोठी होते. फ्रिज बंद केला, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन गोधड्या टांगल्या. गोधडी मायक्रोफोनच्या मागे टांगून उपयोग नसतो, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) मायक्रोफोन गायकाच्या पाठीमागची भिंत ऐकतो. शिखर −१२ डीबी.

आधी विलंब मोजला: इंटरफेसचं आउटपुट वायरने इनपुटला जोडून एक टिचकी पाठवली. ती १८७ सॅम्पल उशिरा परत आली. तेवढी भरपाई लावली.

सहा फेऱ्या. पहिल्या दोन सगळ्यात सैल आणि सगळ्यात खऱ्या. सहावी सुरात पक्की, पण तिच्यात बोलणं राहिलं नाही. दुसरी घेतली, चार शब्द पाचवीतून.

५ मार्च : दुसरा आवाज

‘गिव्ह अप’मध्ये गायिका जेनी लुईसचा आवाज गिबर्डच्या आवाजामागे उभा असतो. समोर येत नाही, पण काढला तर गाणं उघडं पडेल. तसा स्त्रीचा एक आवाज, वरच्या तिसऱ्या सुरावर, फक्त मुखड्यात. मायक्रोफोनपासून ३० सेंटिमीटर.

दोघांचे ‘त’, ‘क’ एकत्र पडत नाहीत, टपटप होते. मागच्या आवाजातले शब्दान्तीचे व्यंजन गायचेच नाहीत, स्वर तेवढे धरायचे. कापून जुळवण्यापेक्षा हे फार लवकर होतं.

७ मार्च

परतीची डिस्क. कोरडा गळा, दुसरा आवाज, कापलेलं स्टिरिओ, कापाची यादी. सगळ्या फाइली मोजणीच्या पहिल्या टिचकीपासून सुरू, कुणाची सुरुवात छाटलेली नाही.

१२ मार्च : लॉस एंजेलिस, पुन्हा बांधणी

यादीप्रमाणे सुट्या ट्रॅकांवर तेच काप. जागा सॅम्पलपर्यंत जुळल्या. कापलेलं स्टिरिओ उलट्या फेजने लावलं तर बहुतेक ठिकाणी शांतता मिळाली, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारखे.

मिळाली नाही ती ५७ व्या बारला. सुट्या ट्रॅकांवर पॅड कापला, पण रिव्हर्ब (घुमारा) त्याच्या पुढच्या टप्प्यावर असल्याने त्याची शेपूट चालूच राहते. दार लागत नाही, हळूच लोटलं जातं. तांत्रिकदृष्ट्या हे अधिक स्वच्छ आणि गाण्याच्या दृष्टीने मेलेलं. त्या दोन बारपुरतं सिएटलहून आलेलं कापलेलं स्टिरिओच वापरलं. सांध्याला १२८ सॅम्पलचा दुहेरी उतार.

३३ व्या बारलाही तेच: कापामुळे आधीच्या कॉर्डची शेपूट तुटून नवा कॉर्ड उडी मारून येतो. तिथे सुटे ट्रॅक बरे वाटले, कारण शब्द चालू असताना उडी अडखळल्यासारखी वाटते. म्हणजे कात्रीचा सरसकट नियम नाही. पोकळी उघडी असेल तर तुटलेलं चांगलं, शब्द असतील तर जोडलेलं.

१६ मार्च : मिश्रण

किक आता लहान करता आला असता. दीड डीबी कमी केला आणि परत होता तिथे आणला. गाणारा त्या मोठ्या किकच्या सोबतीने गायला आहे, त्याचे श्वास किकच्या मधल्या जागेत आहेत. किक मागे गेला की ते श्वास विनाकारण वाटतात.

गळा: ९० हर्ट्झच्या खाली काढलं, कॉम्प्रेसर ३ ला १, कमाल ५ डीबी दाब, अटॅक ८ मिलिसेकंद. रिव्हर्ब नाही. डिले ३२१.४ मिलिसेकंद (सोळाव्याचे तीन), एकच परतावा, २.५ किलोहर्ट्झच्या वरचं काढलेलं, म्हणजे दंत्य झ परत येऊन टोचत नाही. दोन ‘च’ हाताने ४ डीबी खाली केले. डी-एसरने (असे टोचणारे उच्चार आपोआप दाबणारं साधन) सगळ्या ओळीची धार जात होती.

१९ मार्च : मोनो

फोनच्या एका स्पीकरवर दोन दोष. कोरसची रुंदी मोनोत (डावी-उजवी बाजू एकत्र झाली की) जवळपास विरते आणि पॅड आत दबतो. पॅडची कोरस नसलेली एक प्रत १० डीबी खाली मध्यभागी घातली. एकाच इअरफोनवर टिपक्यांचे निम्मे सूर गायब. पूर्ण डावी-उजवी बाजू सोडून दोन्ही ७५ टक्क्यांवर आणली. उडी थोडी लहान झाली, पण उरलेल्या कानात चारही सूर आले.

२३ मार्च

डिस्क परत सिएटलला. कागदावर फक्त वेग, पट्टी, बारची यादी आणि एक ओळ: ५७ तसाच ठेवला आहे. दुसऱ्या गाण्याचा सांगाडा याच पाकिटात, वेग १२६, बीट २१,००० सॅम्पल, पट्टी काळी चार. यावेळी पॅडच्या लांब शेपट्या मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत, कात्री कुठे लागेल ते सिएटल ठरवेल.